आर्गॉनमधली ओल

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सोलापूरच्या कॉलेजात मी एम.एस्सी.चा प्रबंध करत होते. "एवढं एक वर्ष. नंतर पुस्तकं बंद," असं वडिलांनी बजावलं होतं, आणि त्यांचा शब्द म्हणजे शब्द.

काम असं होतं. हातभर लांबीच्या काचनळीत आर्गॉन वायू भरायचा. एका टोकाला पोटॅशियमच्या क्षाराचा लेप दिलेली तार तापवली, की एक इलेक्ट्रॉन गमावलेले पोटॅशियमचे अणू, म्हणजे आयन, तिच्यातून सुटत आणि विजेच्या ओढीनं दुसऱ्या टोकाकडे निघत. आर्गॉन हा कुणाशी सोयरीक न करणारा वायू. तो आयनांना धरून ठेवत नाही, वाटेत धक्के मात्र देतो. त्या गर्दीतून पलीकडे पोचायला त्यांना किती वेळ लागतो, ते मी मोजायची. ते पोचले की ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर रेषेला एकच नीटस टेकाड उठायचं. ते बघून असा आनंद व्हायचा मला, काय सांगू!

काचनळी जोडणं, दोन दिवस तापवून तिच्यातली ओल काढणं, हे सगळं प्रयोगशाळेतले मामा करत. पन्नाशीचे, अक्कलकोटकडचे. शिपाई म्हणून लागले आणि बघून बघून काचकाम शिकले. प्रयोगशाळा सोडून त्यांचा जीव कुठं रमत नसे.

एप्रिलमध्ये आर्गॉनचा नवा सिलिंडर जोडला आणि पडद्यावर दुसरं टेकाड दिसायला लागलं, उशिरा येणारं. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, पाण्याची वाफ शिरलीय कुठून तरी. पाण्याचे रेणू आयनाला चिकटले की तो जड होऊन रेंगाळतो. माझी सगळी मोजणी अडकली. वर्ष हातचं जातंय या भीतीनं माझं डोकंच फिरलं. सरांसमोर मामांवर तोंड सोडलं. "नळी नीट तापवलीच नसणार तुम्ही! अर्ध्यातनं घरी पळाला असाल!"

"दोन दिस तापवली की, ताई," एवढंच ते म्हणाले.

सरांनी माझ्यावर विश्वास ठेवला. दुसऱ्या दिवशी मामांकडून किल्ली काढून घेतली आणि त्यांना पुढच्या फाटकाजवळच्या सायकल स्टँडवर राखणीला बसवलं. मला वाईट वाटलं? छे! बरी अद्दल घडली, असंच वाटलं.

मे महिन्यात सिलिंडरचा रबरी पाइप उन्हाळ्यानं तडकला. मी जुना तांब्याचा पाइप पुन्हा बसवला, त्याच सिलिंडरमधून आर्गॉन भरला, आणि दुसरं टेकाड गायब. ओल रबरातून शिरत होती. आणि तो रबर नवा सिलिंडर जोडताना मीच लावला होता, तांब्याच्या पाइपाचे नट आवळायचा कंटाळा म्हणून, कुणालाही न विचारता.

तोंडी परीक्षा आठवड्यावर आली होती. ती झाली की सांगू सरांना, म्हटलं. परीक्षा झाली, पहिला वर्ग मिळाला. पेढे घेऊन आधी सायकल स्टँडवर गेले आणि एका दमात मामांना सगळं सांगून टाकलं.

"मला ठावं हाय, ताई," ते म्हणाले. "तुमी बोलला त्याच सांजेला बगितला की तो रबर."

"मग बोलला का नाही?"

"तुमाला एकच वरीस दिलं व्हतं न्हवं घरच्यांनी? सरांचा राग लई वाईट. तुमालाच भाईर काढलं असतं."

मला रडू आवरेना. "आत्ता जाऊन सांगते सरांना," म्हणाले आणि तशीच निघाले. खोलीच्या दारात पोचले तर आत सर पाहुण्यांना सांगत होते, या मुलीइतकं काटेकोर काम आजवर कुणी केलं नाही. मी ऐकत उभी राहिले. ऐकायला बरं वाटत होतं, हेही सांगून टाकते. मग पेढे आत दिले, आशीर्वाद घेतला आणि मागच्या फाटकानं चालत घरी गेले. स्टँडवरची माझी सायकल आणायला दुसऱ्या दिवशी भावाला पाठवलं.

मामा निवृत्त होईपर्यंत त्या सायकल स्टँडवरच बसले. मी सरांना कधीच काही सांगितलं नाही.