आईच्या पांढऱ्या पातळाची झबली

माझ्या मुलीच्या अंगाला जे पहिलं कापड मानवलं, ते एका मेलेल्या बाईच्या पातळाचं होतं. ती बाई माझी आई. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे लोकांनी ते कुजबुजत सांगितलं, आणि कुजबुजण्यासारखं त्यात काही नव्हतं.

आई फेब्रुवारीत गेली. मला तेव्हा सातवा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं हे आधीच ठरलेलं होतं, ते कोणी बदललं नाही. एप्रिलच्या शेवटी मी मंगरूळपीरला बाबांकडे आले. घरात बाईमाणूस नाही म्हणून बाबांची मोठी बहीण, माझी आत्या, आसेगावहून राहायला आली. तिने सुनांची, पुतणसुनांची मिळून आठ-दहा बाळंतपणं केलेली. येताना तिने शेपा आणल्या, डिंक आणला आणि एक पिशवी भरून लोकरीचे कपडे आणले. टोपडी, हातमोजे, पायमोजे, दोन स्वेटर. बाहेर डांबर चपलेला चिकटत होतं.

मुलगी झाली. दवाखान्यातून निघताना आत्याने तिला त्यातलं सगळं घातलं. वर दुपटं, त्याच्यावर चादर. ऑटोवाल्याने आरशातून पाहिलं.

"मावशी, लेकरू हाये ना आतमंदी?"

"हाये. तू समोर पाह्य."

घरी आल्यावर तिने खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबल्या आणि कूलर बंद केला. बाळाला वारं लागतं. संध्याकाळी खाटेजवळ निखाऱ्याची शेगडी आली, तिच्यावर ओवा. मी काहीच बोलले नाही. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते, दिवसभर हळू बोलायची सवय आहे. पण खरं कारण ते नव्हतं. त्या दिवसांत मला वाटायचं की आईच नाही, तर मला एकटीला काय कळतंय. आत्याचे हात सराईत होते, माझे नव्हते.

तिसऱ्या दिवशी सकाळपासून मुलगी दूध ओढेना. तोंडाशी धरलं की दोन घोट घ्यायची आणि मान टाकायची. मानेच्या वळीत, काखेत लाल पुरळ उठली होती. अंग तापलेलं. आत्या म्हणाली, ताप आहे, आणि तिने अजून एक दुपटं आणलं.

तेवढ्यात आरोग्य केंद्राची आशाताई आली. घरी जन्मलेलं असो की दवाखान्यात, नव्या बाळाला बघायला तिच्या ठरलेल्या फेऱ्या असतात. खोलीत पाऊल टाकताच तिने पदर नाकाला लावला.

"अव माय! या लेकराले काहून भाजून राह्यले तुमी?"

"ताप हाये तिले," आत्या म्हणाली.

"ताप कुठचा? तुमी हे स्वेटर घाला बरं अंगात. घाला, मी धरतो लेकरू. मंग पाहू कोनाले ताप येते."

आत्याने तोंड फिरवलं. आशाताईने स्वेटर, मोजे, टोपडं सगळं उतरवलं, काखेत थर्मामीटर धरला, आकडा पाहून भुवया वर केल्या. शेगडी तिने स्वतः उचलून बाहेर ठेवली. खिडकी उघडली, कूलर सुरू केला, पण वारा अंगावर थेट येणार नाही असं त्याचं तोंड भिंतीकडे केलं. मला म्हणाली, "छातीशी धर. अर्ध्या तासात अंग निवलं नाई, नाई तर दूध घेतलं नाई, तर ऑटो करून सीधा दवाखाना. मी इथंच बसतो."

मुलगी नुसत्या लंगोटावर माझ्या छातीशी पडून होती. तिच्या फासळ्या वर-खाली होताना मी मोजत होते आणि मधेच आकडा विसरत होते. वीसेक मिनिटांनी तिने तोंड वळवलं, शोधलं, आणि ओढू लागली. अशी ओढू लागली की मला कळ आली. आशाताईने पुन्हा थर्मामीटर लावला आणि मग चहा मागितला.

आई गेल्यापासून मला रडू खूप आलं होतं. राग त्या दिवशी पहिल्यांदा आला. आत्यावर नाही, ती बिचारी रात्रंदिवस राबत होती. राग मला माझ्या गप्प बसण्याचा आला. खोली तापली आहे हे मला कळत होतं. मला घाम येत होता. जे मला सहन होत नव्हतं ते एवढ्याशा जिवाला कसं व्हावं?

जाताना आशाताईने सांगितलं ते साधं होतं. हात-पाय गार लागले तर घाबरायचं नाही, बाळाचे ते गारच असतात. मानेच्या मागे बोटं घालून पाहायचं. तिथं घाम असेल तर कपडा जास्त झाला. घरात टोपडं नको. अंगात एकच झबलं, तेही सुती, धुऊन धुऊन मऊ झालेलं. पहाटे गारवा आला तर वरून पातळ पांघरूण.

पण तसं कापड आणायचं कुठून? दुकानातली झबली कडक होती, गळ्याला झालर, पाठीत टोचणारी पट्टी. आमच्याकडे बाळाचं पहिलं झबलं घरातल्या वडीलधाऱ्या बाईच्या वापरलेल्या लुगड्याचं करतात. आत्याने आपलं एक जुनं पातळ मोठ्या मनाने काढून दिलं. त्याच्यावर मी पाणी सांडून पाहिलं, तर थेंब गोळा होऊन घसरून गेला. आत्या कित्येक वर्षांपासून इस्त्री न लागणारी पातळं नेसते.

घरात खरं सुती एकाच ठिकाणी होतं. आईची रोजची पातळं वाटून झाली होती. पौर्णिमेला विहारात वंदनेला जाताना ती जी पांढरी सुती पातळं नेसायची, ती चार मात्र बाबांनी कपाटात ठेवली होती. मी त्यातलं एक काढलं. बारीक निळा काठ, मधे इतकं विरलेलं की आरपार हात दिसत होता.

आत्याला कळलं आणि ती दारात उभी राहिली.

"मेल्या मानसाचं कापड लेकराच्या अंगाले लावत नाई, पोरी."

"कशानं?"

"कशानं म्हंजे? लावत नाई. जीव मांगं ओढते तिचा."

"आत्या, आपल्या घरात देव नाहीत. आजोबांनी सगळे काढले, तूच सांगतेस."

"देव काढले. मरन काढलं का त्याईनं?"

मी कातर शोधायला गेले तर कातर जागेवर नव्हती. आत्याच्या कमरेला खोचलेली होती.

आत्याला हे माहीत असायला हवं होतं की जुनं सुती पातळ फाडायला कातर लागत नाही. मी काठाला दातांनी चीर दिली. बाबा खुर्चीवर वर्तमानपत्र घेऊन बसले होते. ते उठले, पातळाचं दुसरं टोक दोन्ही हातांनी धरून उभे राहिले. मी ओढलं. पातळ सरळ रेषेत टरटरत गेलं. तो आवाज फार मोठा वाटला मला. बाबांनी डोळे मिटले होते, पण टोक सोडलं नाही.

"भाऊ, तू बी?" आत्या म्हणाली.

"ऊन लई हाये, बाई," बाबा म्हणाले.

एका पातळाची सहा झबली झाली, उरलेल्याचे लंगोट. हातानेच शिवली. शिवण बाहेरच्या बाजूला ठेवली, म्हणजे कातडीला काचत नाही. बटणं लावली नाहीत, पुढे नाड्या बांधल्या. मुलगी निजली असली तरी झोप न मोडता त्या सोडता येत होत्या. पुरळ चार दिवसांत बसली. आत्या रोज मुलीला न्हाऊ घालायची, तेल चोळायची, आणि झबलं घालायची वेळ आली की तिला माझ्या मांडीवर देऊन निघून जायची.

नामकरणाच्या दिवशी नवरा अमरावतीहून फ्रॉक घेऊन आला. झगमगीत, आतून जाळीचा. आत्या म्हणाली, "आज तरी हे घाल. लोकं येऊन राह्यले." मी फ्रॉक बाजूला ठेवला. दुपारचे बारा वाजले होते, बाहेर वाऱ्याच्या झळा मारत होत्या. मी धुतलेलं पांढरं झबलं घातलं.

वंदना झाली, नाव ठेवलं. बायका पांढरी पातळं नेसून आल्या होत्या. शेजारच्या एका काकूंनी मुलीला घेतलं आणि बोटांत झबलं चोळून पाहिलं.

"केवढं मऊ हाये व! कुठून आनलं?"

"वाशीमहून," आत्या पटकन म्हणाली.

"माझ्या आईच्या वंदनेच्या पातळाचं आहे," मी म्हणाले. ग्रंथालयातल्या आवाजात नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

काकूंचे हात थांबले. त्यांनी मुलीला माझ्याकडे परत दिलं आणि तळवे पदराला पुसले. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. कोणीतरी म्हणालं की बाळंतिणीला आत नेऊन निजवा. मी आत गेले नाही. मुलीला मांडीवर घेऊन तिथेच, सगळ्यांच्या मधे बसून राहिले, जेवणाची पंगत उठेपर्यंत.

दोन दिवसांनी आत्या जायला निघाली. पिशवी भरताना म्हणाली, "लेकरू चांगलं हाये, मी नाई म्हनत नाई. पन लोकाईले सांगाची काय गरज होती?"

"विचारलं त्यांनी."

"मी सांगतलं होतं ना वाशीमहून म्हनून."

"आई वाशीमच्या दुकानातली नव्हती, आत्या."

आत्या पिशवी भरत राहिली. तिने माझ्या आईला लग्नात हळद लावली होती. तिला पटलं नाही, आणि मी माझा शब्द मागे घेतला नाही. पाऊस पडून हवा निवेपर्यंत मुलगी रोज त्याच कापडात होती. कोणी विचारलं की कापड कोणाचं, तर मी सांगत होते. काही दिवसांनी तर कोणी विचारलं नाही तरी सांगू लागले.