आईनं दिलेलं पाणी

परगावी राहायला जाणाऱ्याबरोबर घरचं पाणी द्यायचं, ही आमच्या मळ्यावरची रीत. तिथल्या पहिल्या पाण्यात घोटभर मिसळायचं, म्हणजे नवं पाणी बाधत नाही. मी पर्यावरणशास्त्रात मास्टर्स करायला इंग्लंडला निघाले तेव्हा आईनं आमच्या बोअरचं पाणी बाटलीत भरून बॅगेत कोंबलं. लोक लोणची नेतात, मी सांगलीचं पाणी नेलं. हसू नका, मिसळलंही. उरलेलं कपाटात राहिलं.

दुसऱ्या सत्रात पाण्यातलं नायट्रेट मोजायचं प्रॅक्टिकल होतं. शेतात टाकलेला युरिया मुरत मुरत खाली जातो, त्यातून हे नायट्रेट पाण्यात उतरतं. ज्यानं त्यानं आपापलं पाणी आणायचं होतं. बाकीच्यांनी नदीचं, तळ्याचं आणलं. पावसात कोण तडमडतंय म्हणून मी कपाटातली बाटली उचलली. पट्टी पाण्यात बुडवली की गुलाबी होते; जेवढी गडद, तेवढं नायट्रेट जास्त. माझी बुडवल्या बुडवल्या जांभळी पडली. मॅडम म्हणाल्या, पाणी जुनं आहे, यावर विसंबू नकोस. पण मी तोवर लॅबबाहेर निघालेही होते, कारण ताई बाळंतपणाला माहेरी आली होती.

मोठ्या माणसाला असं पाणी लगेच काही करत नाही. तान्ह्या बाळाचं रक्त मात्र त्यानं ऑक्सिजन वाहून नेईनासं होतं. हे मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं. आणि ताईला दूध पुरत नसल्यानं बाळाला पावडरचं दूध सुरू होतं.

लॅबबाहेरच्या जिन्यात बसून घरी फोन लावला. आईनं उचलला.

"बाळाचं दूध कशात कालवता?"

"पान्यात. आनि कशात कालवत्यात?"

"बोअरच्या?"

"व्हय. पन उकळून. चांगलं निम्मं हुईस्तवर आटवते. तू काय काळजी करू नगंस."

उकळून जंतू मरतात, नायट्रेट मरत नाही. पाणी आटतं, ते तेवढंच राहतं. आई जेवढं जपत होती तेवढं ते दाट होत होतं.

"बाळ कसं आहे?"

"झकास. जरा सावळी पडलीया, तुज्यावर गेली. रोज साय-हळद लावते, उजळंल."

"आई, व्हिडिओ लाव. तिचे ओठ दाखव मला."

दिसले. सावळे नव्हते, निळसर करडे होते. नखंही तशीच. बाळ रडतही नव्हतं, नुसतं पडून होतं. एवढी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

मागून आबा, माझे वडील, म्हणाले, "आगं, आमी समदी ह्येच पानी पिऊन वाढलो. शिकून लय शानी झालीस."

एरवी मी भांडले असते. त्या दिवशी रडले. "आबा, पाया पडते, गाडी काढा." मी सहसा कुणाच्या पाया पडणारी नव्हे, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी गाडी काढली.

ते बाळाला घेऊन सांगलीत विश्रामबागेतल्या दवाखान्यात पोचेपर्यंत मी जिन्यातच बसून होते. एका मुलानं विचारलं, बरी आहेस ना, तर मी त्याला मराठीत उत्तर दिलं. माझं चुकू दे, मनात चाललं होतं, जन्मभर हसू देत सगळ्यांना, पण माझं चुकू दे.

चुकलं नव्हतं. ताईनं फोनवर सांगितलं, रक्त काढलं तर तपकिरी निघालं, चॉकलेटसारखं. डॉक्टरांनी पहिल्यांदा पाण्याचंच विचारलं. ऑक्सिजन लावला, शिरेतून औषध दिलं, आणि ताईच्या डोळ्यांदेखत बाळाचे ओठ पुन्हा लाल झाले. मागं बाळ घसा फोडून रडत होतं. मी बराच वेळ नुसतं ते रडणं ऐकलं.

"आईला दे," मी म्हटलं.

"आई आत यीना," ताई म्हणाली. "डॉक्टरांनी समदं सांगितल्यापास्नं दारात उभी हाय. पोरीला हात लावंना."

ताईनं फोन दाराकडे नेला. माझी आई म्हणजे आबांनासुद्धा न विचारता सगळं घर हाकणारी बाई. ती एवढ्याशा आवाजात मला विचारत होती,

"मी घेऊ व्हय गं तिला?"