बॅबिलोनचा तुटका कोपरा

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. बी.एड.च्या शेवटच्या पाठासाठी मी विषय घेतला जगाचा सगळ्यात जुना नकाशा. मैत्रिणी म्हणाल्या, "अगं, अकबर घे ना, आरामात पास होशील." मी ऐकलं नाही.

बॅबिलोनच्या लोकांनी तो तळहाताएवढ्या मातीच्या पाटीवर कोरला होता. मधे त्यांचं शहर, भोवती खाऱ्या पाण्याचं कडं, कड्याबाहेर त्रिकोण, म्हणजे लांबचे अनोळखी मुलुख. पुस्तकातल्या फोटोवरून मी तशी पाटी केली, पण अख्खी, आणि सावलीत सुकत ठेवली.

मिल बंद झाल्यापासून बाबा घरीच होते. घरात पगार कुणाचाच नव्हता. मी पास झाले तर एका शाळेत जागा मिळणार होती. पाठाच्या दिवशी सकाळी पाटी ओलसर वाटली म्हणून बाबांनी मला न विचारता ती सिगडीवर ठेवली. तडकली. त्रिकोणांसकट एक कोपरा निखळला.

"हे काय केलं तुम्ही?" मी ओरडलेच.

"मला वाटलं, लवकर सुकेल..."

"आता भांडत बसू नको, जा," आई म्हणाली. कोपरा तिथेच टाकून, पाटी रुमालात गुंडाळून मी निघाले.

पाठ अर्ध्यावर आला आणि मागच्या बाकावरचे परीक्षक उठून पुढे आले. पाटी उचलून म्हणाले, "मॅडमजी, बाकी दुनिया कहाँ गई? घर भूल आईं?"

पोरं खिदळली. माफी मागून मोकळं व्हावं असं क्षणभर वाटलं.

"सर, असली पाटी भी टूटी हुई है. लंदन में टूटी ही रखी है."

"किताब में है?"

"जी." मी पान उघडून पुढे धरलं. त्यांनी फोटो पाहिला, पाटी पाहिली, पुन्हा फोटो पाहिला.

"आगे पढ़ाइए."

घंटा होईपर्यंत त्यांचं पेन चालूच होतं. जाताना दाराशी थांबून त्यांनी विचारलं, "नौकरी लगी कहीं?"

"पास हुई तो लगेगी, सर."

"तो लगी समझिए."

फाटकाबाहेर बाबा सायकल धरून उभे होते. एका हातात तो कोपरा, हँडलच्या पिशवीत वाटीभर खळ.

"वॉचमन आत सोडत नव्हता. घे, चिकटव लवकर."

"पाठ झाला बाबा. पास आहे."

"याच्याशिवाय?"

"तशीच चालते ती."

त्यांना पटलं नाही. मला मागे बसवून घरापर्यंत त्यांनी एका हातानं सायकल चालवली. दुसऱ्या मुठीत तो कोपरा होता.