इंदूच्या चेहऱ्याचं काय करायचं?

दुपारचं जेवण अंगावर आलंय. वही पोटावर उपडी टाकून मी आरामखुर्चीत पडले आहे, डोक्यावर पंखा कुरकुरतोय. वहीत माझ्या कादंबरीचं शेवटचं प्रकरण आहे आणि तीन महिने ते एकाच जागी अडलंय. अकरा वर्षांनी परतलेला नवरा तासगावच्या एसटी स्टँडवर उतरतो, इंदू त्याला बघते. पुढे? तिच्या चेहऱ्यावर काय दिसतं? पाच वाजता प्रकाशक यायचे आहेत. मी ठरवून टाकलंय, कादंबरी काही होत नाही असं सांगायचं आणि चहा पाजून त्यांना वाटेला लावायचं. डोळे मिटतात.

"तिने मान खाली घातली, भुवया उंचावल्या, ओठ दाताखाली धरला आणि मंद हसली," कुणीतरी मोठ्याने वाचतंय. "अगं, सगळं एकाच वेळी?"

कपाटाच्या आरशासमोर हे उभे आहेत. हे म्हणजे माझे यजमान, मोरेश्वर. जाऊन तीन वर्षं झाली, पण मानेवर चंदनी पावडर नेहमीसारखीच भरपूर थापलेली. नाट्यमंडळात चाळीस वर्षं प्रॉम्प्टर होते, विंगेत बसून नटांना विसरलेली वाक्यं पुरवायचे. माझ्या कादंबऱ्यांचे पहिले वाचकही हेच. यांची वाचायची रीत अशी की माझ्या पात्राने जे जे केलं, ते आरशासमोर करून बघायचं. जमलं तर बरोबरची खूण, नाही जमलं तर तांबड्या पेन्सिलीने काट. एकदा माझ्या नायकाने खांद्यावरून मागे वळून स्वतःच्या टाचांकडे पाहिलं, तर यांची मान आठवडाभर आखडली होती. शेक मलाच द्यावा लागला.

आत्ताही हे मान खाली घालून भुवया उंचावतात, ओठ चावून हसायला जातात. कच्ची कैरी खाल्ल्यासारखं तोंड होतं. मी हसत सुटते.

"हसतेस काय? ही तुझी इंदू आहे."

"मग तुम्हीच सांगा ती कशी दिसते."

"मला काय विचारतेस? जन्म गेला विंगेत. चेहरे प्रेक्षकांना दिसायचे, मला पाठी आणि पाय. आमचे नट नानिवडेकर वाक्य विसरणार हे मला त्यांच्या पायाच्या अंगठ्यावरून कळायचं. अंगठा वर गेला की मी वाक्य सोडलंच."

"आणि तोंडावर?"

"तोंडावर काही नाही! राजाच्या ऐटीत उभे."

आरशात तासगावचा स्टँड आहे, आणि मी त्यात उभी आहे. फलाटावर नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या रांगा, खुर्च्यांत बोचकी घेऊन बसलेले प्रवासी, सगळे माझ्याकडे बघतायत. भज्यांच्या गाड्यामागे विंग आहे. तिथे हे बसलेत, मांडीवर माझी वही, हातात बॅटरी. माझ्या अंगावर इंदूची जांभळी साडी आहे आणि मला एकही वाक्य येत नाही.

"अहो, वाक्य द्या ना!" मी कुजबुजते.

"कुठलं देऊ? तू लिहिलंच नाहीस," हे आतून म्हणतात. मजा वाटतेय त्यांना.

एसटी येऊन थांबते. दार उघडतं आणि हेच उतरतात. विंग रिकामी. माझ्या चेहऱ्याचं काय होतंय मला ठाऊक नाही, बघायला आरसाही उरलेला नाही. पाय मात्र चालू लागलेत. मी जवळ जाते आणि माझा हात आपोआप यांच्या मानेकडे जातो. कॉलर आत दुमडलेली आहे. छत्तीस वर्षं, रोज सकाळी, दारातून निघताना ती अशीच आत दुमडलेली असायची. मी ती बाहेर काढते, सरळ करते, वर एक चापटी मारते.

"एवढंसुद्धा जमत नाही का हो तुम्हाला?" मी रागावते. म्हणजे रागवायचं असतं, पण आनंदाने मला हसूच फुटतं.

हे कानामागची पेन्सिल काढून माझ्या मनगटावर बरोबरची खूण करतात. "जमलं."

"आणि चेहरा?"

"तो या समोरच्या प्रवाशांना दिसला की. तू कशाला सांगतेस?"

मी वळून बघते. सगळे प्रवासी डोळे पुसत टाळ्या वाजवतायत. भजीवाला झारा उंचावून ओरडतो, "वन्स मोअर!"

हे आज्ञाधारकपणे पुन्हा एसटीत चढतात. चढता चढता, पाठमोरे, हळूच हात मागे नेतात आणि कॉलर आत दुमडतात.

"अहो! म्हणजे छत्तीस वर्षं तुम्ही मुद्दाम...?"

"मग!" हे पायरीवरून म्हणतात आणि इतके खुशीत हसतात की मी पदर खोचून त्यांच्यामागे धावते. कंडक्टर घंटी मारतो, पुन्हा मारतो.

घंटी आमच्याच दाराची आहे. पाच वाजलेत, पंखा कुरकुरतोय, वही जमिनीवर पडलीय. मनगटावर खूणबिण काही नाही. पण उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं पांढरी झालीत. मी बोटं नाकाशी नेते. चंदन. या घरात तीन वर्षांत पावडरचा डबा आलेला नाही.

"आले, आले! जरा थांबा!" मी बाहेर ओरडते, वही उचलते आणि भुवया, ओठ, हसू, सगळ्यावर काट मारून खाली लिहिते: इंदूने आधी त्याची कॉलर बाहेर काढली.

ओळीशेजारी अंगठ्याचा पांढरा ठसा उमटतो. दार तिसऱ्यांदा वाजतं. त्या ठशाला धक्का लागू नये म्हणून मी वही उघडीच हातात धरून दार उघडायला जाते.