आसरांच्या बेटावरचा दिवा

आमच्या धक्क्यावर सात होड्या होत्या तोवर सगळं नीट चाललं होतं. आठवी आली आणि माणसं कळली.

भंडारदऱ्याला धरणाकाठी माझी चहाची टपरी आहे. होडीवाले माझ्याच बाकड्यावर बसून गिऱ्हाइकांची वाट बघतात. त्यांच्यात बाई एकच, केशरबाई. होडी खरं तर तिच्या नवऱ्याची, गोरक्षनाथची. त्याची कंबर कायमची गेली तेव्हा हिनं पदर खोचला आणि वल्ही हातात घेतली. पहिल्या दिवशी होडी जागच्या जागी गोल फिरत राहिली. लोक हसले. मीही हसलो, खोटं कशाला बोलू.

तिला शिकवलं बिभीषणानं. गोरक्षनाथचा हा लहानपणापासूनचा मित्र. महिनाभर रोज सकाळी तो तिच्या होडीत बसायचा, वारा कसा फिरतो, खडक कुठं बुडालेत, सगळं दाखवायचा. तेव्हापासून ती त्याला दादा म्हणते. नऊ वर्षं राखी बांधली तिनं. सख्ख्या भावाकडे जाणं एखादं वर्ष राहून जाई, बिभीषणाचं घर कधी चुकलं नाही. पुढं पुढं बायकापोरांना घेऊन आलेली गिऱ्हाइकं 'त्या मावशींची होडी कुठंय' म्हणून विचारायला लागली. बाकीच्यांच्या पोटात दुखायचं, पण बिभीषणासमोर कोणी तोंड उघडत नसे.

मागच्या वर्षी बिभीषणाच्या मुलानं, हर्षलनं, इंजिनाची नवी होडी आणली आणि आठ झाल्या. यंदा उन्हाळ्यात वरून हुकूम आला की धक्क्यावर सातच चालतील, आठवी कोणती काढायची ते तुमचं तुम्ही ठरवा. बैठक बसली, आवाज चढले. शेवटी बिभीषणानंच तोड काढली. बेटावर जाऊ तेव्हा आसरांसमोर चिठ्ठ्या टाकायच्या, सातांवर आकडे, एक कोरी. कोरी ज्याला येईल त्यानं निमूट होडी काढायची. केशरबाईचं घर त्या एका होडीवर चालतं, तरी सगळ्यात आधी मान तिनंच डोलावली. देवीसमोर कोण लबाडी करणार, असं तिचं म्हणणं.

हे बेट म्हणजे पाण्यातून वर आलेलं टेकडीचं डोकं. तिथं शेंदूर फासलेले सात दगड आहेत, त्याच साती आसरा, पाण्याच्या देवी. पावसाळ्याआधी एक दिवस सगळ्या होड्या मिळून तिथं जातात. देवींची ओटी सवाष्णीनं भरायची असते. केशरबाई वल्हवायला लागल्यापासून तो मान तिचा. आणि एक नेम आहे. ओटी भरून दिवा लावला की तो आपला आपण शांत होईपर्यंत त्या बाईनं जागचं उठायचं नाही. एरवी पणतीत चमचाभर तेल असतं. आरती होते, दिवा शांत होतो आणि सगळे रश्श्यावर तुटून पडतात.

त्या दिवशी सकाळी बिभीषणानं माझ्याकडून चिठ्ठ्यांसाठी कागद मागितला. मी पोरीच्या जुन्या वहीतलं रेघांचं पान फाडून दिलं. आठही होड्या एकदम सुटल्या. थट्टा, आरडाओरडा, एकमेकांवर पाणी उडवणं, दरवर्षीसारखंच. इंजिनवाले पुढं गेले. बिभीषण मात्र आपली होडी हळू करून केशरबाईच्या जोडीनं राहिला, हे मी काठावरून पाहिलं. मला बरं वाटलं होतं तेव्हा. आता आठवलं की माझाच मला राग येतो.

पुढचं केशरबाईनं सांगितलेलं. बेटावर बिभीषणानं पिशवीतून पणतीऐवजी घरचा पितळी दिवा काढला. यंदा सगळ्यांच्याच पोटाचा प्रश्न आहे, देवीला मोठा दिवा लावू, असं म्हणून त्यानं तो काठोकाठ भरला. तिला भरून आलं. मग पुरुष मंडळी पलीकडच्या अंगाला चूल मांडायला गेली. तू आलीस की चिठ्ठ्या टाकू, असं सांगून गेली.

ती बसली. तास गेला, दुसरा गेला. पाय बधिर झाले, रश्श्याचा वास आला, हसणं ऐकू आलं. दिवा काही शांत होईना. फुंकर घालायला कितीसा वेळ लागतो? पण ही केशरबाई. शेवटी वात विझली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. पलीकडं जाऊन बघते तर जेवणं झालेली, चिठ्ठ्याही उचललेल्या. वारा वाढत होता, थांबता आलं नाही, असं कोणीतरी म्हणालं. तिची चिठ्ठी दगडाखाली ठेवली होती. कोरी निघाली. देवीनं दिलं ते घ्यायचं, म्हणून तिनं ती पदराला बांधली आणि वल्हवत परत आली.

परतल्यावर सगळे माझ्या बाकड्यावर बसले. आकडे धक्क्याच्या नोंदवहीत चिकटवायचे म्हणून सातांनी चिठ्ठ्या माझ्या फळीवर टाकल्या. केशरबाईनंही गाठ सोडून आपली ठेवली. सात चिठ्ठ्यांना निळ्या रेघा होत्या. तिचा कागद पांढरा कोरा, उदबत्तीच्या पुड्याच्या आतला असतो तसा. मी दिलेल्या पानातला नव्हताच तो. लांबूनही ओळखू यावा असा कागद, मग उचलेल कोण? मी काही बोलणार तेवढ्यात माझी नजर तिच्याकडं गेली. तिला कळलं होतं.

तिनं बिभीषणाकडं बघून एवढंच विचारलं, "दादा, दिव्यात त्येल किती घातलं हुतंस?"

बिभीषण हातातला ग्लास फिरवत राहिला. बाकीचे धरणाकडं बघायला लागले. तो म्हणाला, "देवीचंच काम हुतं की, बाई."

"देवीचं हुतं म्हनून तर मी बसले."

पांढरी चिठ्ठी तिनं त्याच्यासमोर सरकवली आणि ती उठली. होडी पाण्याबाहेर ओढायला चौघं तरी लागतात. तिनं त्या सातांतल्या एकालाही हात लावू दिला नाही. मी टपरी उघडी टाकून गेलो, कमरेला पट्टा बांधून गोरक्षनाथ आला, आणि आम्ही तिघांनी ती इंचाइंचानं वर घेतली.