बेस नव्हे, बास

"इसके स्ट्रिंग्स बदल दे यार. बेस नहीं, बास आ रही है."

भैया बोलला. माझ्यासमोर. वाजवून पाहायला दिलेली त्याची बेस गिटार माझ्या हातातून परत घेऊन अर्धं मिनिटसुद्धा झालं नव्हतं.

बास म्हणजे वास. गोंदियात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. खोलीत सात जण होते. सातही हसले. कोणी मोठ्यानं, कोणी तोंडावर हात ठेवून. मग भैयानं खरंच स्पिरिटची बाटली काढली, कापूस भिजवला आणि गिटारीची मान वरपासून खालपर्यंत पुसली. माझी बोटं जिथं जिथं लागली होती तिथं तिथं. ड्रमवाल्यानं चारही तारा उतरवल्या. नव्या पाकिटातल्या चढवल्या. मी बघत उभी होते.

आणि मीही हसले. हे लिहायला मला सगळ्यात जड जाते. पण खरं आहे. आठवी हसणारी मी होते.

आम्ही ढिवर. अर्जुनी मोरगाव तालुक्यात, इटियाडोह धरणाच्या पाण्याकडे आमची टोली, आमची वस्ती आहे. बाबा जाळं टाकतात, माय बाजारात मासोळ्या विकते. त्या दिवशी सकाळी मीच मायसोबत रोहू साफ केला होता. मग हात साबणानं तीनदा धुतले, राखेनं घासले, लिंबू चोळलं आणि गोंदियाची गाडी पकडली. वास होता की नव्हता, मला माहीत नाही. भैयालाही माहीत नव्हतं. त्यानं नाक हातांना लावलं नव्हतं. त्यानं आडनाव विचारलं होतं.

मी आयटीआयला वायरमन ट्रेड केला. वर्गात मी एकटीच मुलगी होते. आता अर्जुनीत एका दुकानात स्पीकर, अॅम्प, स्टेजच्या आवाजाचे मिक्सर दुरुस्त करते. एक ऑर्केस्ट्रा पार्टी मोडली, तिचं सामान दुकानात आलं. त्यात एक जुनी बेस गिटार होती, चार जाड तारांची, खालचा सूर देणारी. तार पिळायचा एक कान तुटलेला, तारा गंजलेल्या, पिकअपची वायर निघालेली. मालक म्हणाले, "हे कोणी नेत नाही, ने तू." मी वायर डाख देऊन जोडली. कीबोर्डच्या लहान अॅम्पला लावली. पहिली जाड तार छेडली तेव्हा टेबलावरचे स्क्रू नाचले. त्या दिवसापासून माझं दुसरं कशात लक्ष लागलं नाही.

शिकवायला कोणी नव्हतं. मोबाईलवर गाणं लावायचं, गाणाऱ्याला सोडून खालचा आवाज धरायचा. एकाच गाण्याला तीन तीन आठवडे.

मग कुणीतरी मला गोंदियाच्या हौशी वादकांच्या ग्रुपमध्ये घातलं. त्यात डॉक्टर, बँकवाले, एक रिटायर्ड मास्तर, आणि राइस मिलवाल्या शेठचा मुलगा. त्यालाच सगळे भैया म्हणत. ग्रुपवर दिवसभर सामानाच्या गोष्टी. कोणत्या तारा घ्याव्या, केबल किती लांब असावी, स्टेजवर अॅम्प कुठं ठेवावा. मी सगळं वाचायची. कामाचं होतं, नाही म्हणणार नाही.

एकदा मी विचारलं, माझ्या गिटारीत घूंऽऽ असा आवाज येतो, काय करू? फोटो टाकला. भैयानं उत्तर दिलं, "पहिले गिटार ले ले बहन." त्याखाली हसण्याची चित्रं. एकवीस. मी मोजली होती.

आवाज अर्थिंगचा होता. बोर्डाच्या तिसऱ्या पिनमागं वायरच नव्हती. दुसऱ्या दिवशी मीच शोधलं, नीट केलं आणि ग्रुपवर लिहिलं, कारण गावोगावी स्टेजवर हीच गत आहे, माइकला ओठ लागले की झटका बसतो.  मास्तरांनी तेवढं लिहिलं, "उपयुक्त माहिती."

मास्तर कीबोर्ड वाजवत. त्यांनीच मला भैयाच्या घरी रियाजाला बोलावलं होतं. तारा बदलल्या त्या दिवशी. हसणाऱ्या सातात ते होते.

एवढं झाल्यावर मी परत जायला नको होतं. पण गेले. चार रविवार गेले. माझी गिटार, माझी केबल घेऊन एका कोपऱ्यात बसायची. का? तिथं मोठा अॅम्प होता. तिथं ड्रम होता. एकटीनं बेस वाजवणं म्हणजे भिंतीशी बोलणं. मला माणसांसोबत वाजवायचं होतं. त्याची किंमत अपमान आहे असं मी समजून घेतलं होतं. लहानपणापासून तसंच समजून घेत आले होते. बाजारात मायच्या पाटीवरून लोक वाकडं तोंड करून जातात आणि संध्याकाळी तीच मासोळी मागतात. माय काही बोलत नाही. मीही बोलत नव्हते.

पाचव्या रविवारी भैयानं मला बाजूला घेतलं. त्यांच्या क्लबचं संमेलन होतं, दुपारी चारचा कार्यक्रम, शहरातला मोठा हॉल. दोन गाण्यांत बेस जोरात पळतो. भैयाच्या बोटांना ते जमत नव्हतं.

"तू विंग में बैठ के बजा देना," तो म्हणाला. "तेरी लाइन सीधी मिक्सर में जाएगी. सामने मैं रहूंगा. दिखना नहीं है बस."

मास्तर जवळच होते, मी त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "संधी आहे बेटा. सुरुवात अशीच होते."

मी हो म्हटलं.

घरी येऊन मायला सांगितलं. मला वाटलं खूश होईल, मोठ्या हॉलात पोरगी वाजवणार. ती चुलीसमोर बसली होती. तिनं पूर्ण ऐकून घेतलं.

"वाजवणार तू?"

"हो."

"अन् लोकायपुढं उभा तो राहणार?"

"हो."

"मंग तू कायले जाऊन राहिली? त्याले म्हण मोबाईल लावून दे." मग थांबून म्हणाली, "मी बी येतो पाहाले. तू दिसली नाही तं मी काय पाहू?"

मी चिडले. म्हटलं, तुला नाही समजत यातलं.  पण कार्यक्रमाच्या दिवशी ती सोबत आलीच. नवी हिरवी साडी नेसली, गाडीत खिडकीशी बसली. हॉलमध्ये मी तिला सातव्या ओळीत बसवलं आणि मागच्या दारानं आत गेले.

पडद्याआड प्लास्टिकची खुर्ची होती. बाजूला झाडू, बादली. तिथून स्टेजचा एक तुकडा दिसत होता. भैया काळा कोट घालून उभा. गळ्यात ती गिटार. तिला केबल लावलेली, पण केबलचं दुसरं टोक कुठंच नव्हतं. अॅम्पच्या मागं नुसतं पडलेलं. मला इथून दिसत होतं, लोकांना नाही.

निवेदकानं एकेकाचं नाव घेतलं. ड्रमवर अमुक. कीबोर्डवर अमुक सर. मग, "और बेस गिटार पर, हमारे सबके लाडले...!" टाळ्या. भैया वाकला.

गाणं सुरू झालं. मी वाजवायला लागले. आणि सांगते, मी आयुष्यात इतकं चांगलं कधी वाजवलं नव्हतं. मोठ्या स्पीकरातून माझा आवाज हॉलभर फिरत होता, फरशी थरथरत होती. ड्रमचा ठोका आणि माझी तार एक झाली होती. मला रडू येत होतं, आनंदाचं. तेवढ्यात तो अवघड तुकडा आला. मी काढला. भैयानं मान मागं टाकली, डोळे मिटले, बोटं नाचवली. लोकांनी शिट्ट्या मारल्या. त्याच्यासाठी.

मी मान वाकवून पडद्याच्या फटीतून पाहिलं. सातवी ओळ. सगळे टाळ्या वाजवत होते. माय वाजवत नव्हती. ती भैयाकडे पाहतच नव्हती. इकडेतिकडे मान फिरवून मला शोधत होती.

माझ्या आतलं काहीतरी तिथं तुटलं नाही. उलट जागेवर बसलं.

मी गिटारीचा आवाज शून्यावर आणला. मग केबलचा जॅक काढला. आवाज चालू ठेवून जॅक काढला की स्पीकर फुटतात. मला फक्त माझा आवाज काढून घ्यायचा होता.

गाणं पोकळ झालं. एकदम. गाणारीनं दचकून मागं पाहिलं. भैयाची बोटं अजून नाचत होती. डोळे मिटलेले. चार मोजेपर्यंत तो तसाच वाजवत राहिला, आणि स्पीकरातून काही येत नव्हतं. मग पुढच्या ओळीतलं कोणीतरी हसलं.

मी मागच्या दारानं गेले नाही. गिटार खांद्याला लावली आणि स्टेजवरून चालत गेले. ड्रमच्या पुढून, मास्तरांच्या पुढून, भैयाच्या पुढून. तो दातांत बोलला, "पागल हो गई क्या, बैठ." मी थांबले, त्याच्याकडे पाहिलं. पायऱ्या उतरले, सातव्या ओळीपाशी गेले. माय उठली. आम्ही निघालो.

घरी पोचायच्या आत मला ग्रुपमधून काढलं होतं. मास्तरांचा वेगळा मेसेज आला: "कलाकाराने कार्यक्रम बिघडवू नये. तू माझा विश्वास तोडलास." स्पिरिटची बाटली निघाली तेव्हा या माणसाचा विश्वास कुठं गेला होता? ड्रमवाल्याचा फोन आला. म्हणाला, "तू बरोबर केली. पर मी ग्रुपवर नाही लिहू शकत, समज ना." मी म्हटलं, समजलं. चांगलं समजलं. खोलीत एकाला लाज वाटून काही होत नाही, तोंड उघडावं लागते.

दुकानावरही गोष्ट पोचली. चार ऑर्केस्ट्रा पार्ट्यांनी दुरुस्तीसाठी मला विचारणं सोडलं. बाई आहे, अन् वरून भांडकुदळ, म्हणतात. मला रोज रात्री मोठ्या स्पीकरातला तो आवाज आठवतो. खोटं कशाला बोलू, पुन्हा हवा आहे.

परवा आमगावहून एकाचा फोन आला. लग्नाचा स्वागत समारंभ आहे, बेसवाला पाहिजे. मी म्हटलं, येते. पण स्टेजवर पुढच्या रांगेत उभी राहीन. बॅनरवर माझं नाव लागेल, आडनावासकट. निवेदक माझं गाव सांगेल.

तो म्हणाला, "अरे बाई, एवढ्या अटी? आडनावाचं काय घेऊन बसली?"

"तुमचं लिहिता ना?"

त्यानं फोन ठेवला.

ठेवू दे. पुढचाही ठेवेल. त्याच्या पुढचाही. मी दर वेळी याच तीन अटी सांगणार, याच क्रमानं. यातली एकही कमी होणार नाही.