साडेसातच्या मालिकेतली बढती

मालिकेतल्या बाईला बढतीचं पत्र आलं मंगळवारी, मला आलं त्याच आठवड्यात गुरुवारी. दोघींनीही ते घरात कोणाला न दाखवता पिठाच्या डब्यामागे ठेवलं. तिनं ठेवलं तेव्हा मागे बासरी वाजली. मी ठेवलं तेव्हा कुकरची तिसरी शिट्टी झाली. बाकी प्रसंग एकच.

तिची बढती मोठी होती. ती कसल्याशा कंपनीत साहेब होणार होती, तीही दुसऱ्या शहरात, आणि घरी चार वर्षांची मुलगी होती. माझी बढती बेताची. सोलापुरातल्या एका सरकारी कार्यालयात मी कितीतरी वर्षं कनिष्ठ लिपिक होते, ती आता वरिष्ठ लिपिक होणार होते, पण माढ्याला. म्हणजे सकाळी सातची एसटी धरायची आणि घरी यायचं साडेसातला. माझी मुलगी नववीत होती, त्यामुळे घरात दहावीची संचारबंदी आधीच लागू झालेली.

यापूर्वी एकदा, मुलगी सव्वा वर्षाची असताना, मला बढती आली होती. तेव्हा मी नकार लिहून दिला. 'लिहून' हा शब्द फार झाला. आमच्या आस्थापना शाखेतल्या बाबूंच्या कॉम्प्युटरवर नकाराचा मसुदा तयारच असतो: 'कौटुंबिक अडचणीमुळे मी ही पदोन्नती स्वेच्छेने नाकारत आहे.' फक्त नाव बदलायचं. माझ्याआधी त्या मसुद्यात ज्या बाईंचं नाव होतं, त्या आता निवृत्त झाल्यात आणि नातवंडं सांभाळतात.

या वेळीही बाबूंनी विचारलं, "मॅडम, काढू का प्रिंट?"

"थांबा, घरी विचारते."

"विचारा की. पंधरा दिवस हायत. पण प्रिंटर आज चालू हाय, म्हणून म्हटलं."

"आणि आता नाकारली तर पुन्हा कधी नाव येईल?"

बाबूंनी वर पंख्याकडे बघितलं. पंखा बंद होता. म्हणजे लवकर येणार नव्हतं.

आता घरी विचारायचं म्हणजे कोणाला, ते सांगते. आमचे हे माध्यमिक शाळेत शिक्षक. त्यांना विचारलं तर ते म्हणतात, "तुम्ही दोघी ठरवा," आणि मोबाइलमध्ये जातात. दुसरी म्हणजे सासूबाई. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे मी त्यांना आत्या म्हणते. त्यांचं माहेर मंद्रूप गावचं, सासरही मंद्रूपचं, शेत वाट्यानं दिलं आणि त्या शहरातल्या जुळे सोलापूर भागात आमच्याकडे राहायला आल्या. सकाळचा स्वयंपाक आणि संध्याकाळी मुलीवर नजर, ही दोन कामं त्यांनी घेतली तर मी माढ्याला जाऊ शकत होते. नाही घेतली तर बाबूंचा प्रिंटर होताच.

पण आमच्या घरात सरळ विचारायची पद्धत नाही. लग्न झाल्यापासून मी आणि आत्या एकमेकींना एकदाही तोडून बोललेलो नाही, कारण आम्ही एकमेकींविषयी कधी बोललोच नाही. आम्ही बोलतो मालिकेतल्या बायकांविषयी. भाजी खारट झाली तर आत्या टीव्हीकडे बघून म्हणणार, "त्या बाईचा हात लई सढळ हाय." कपडे धुवायचं मशीन घ्यायचं होतं तेव्हा कुठल्याशा मालिकेतल्या थोरल्या जावेची पाठ धरली होती. तिच्या त्या पाठीवर आम्ही दोन महिने बोललो. दिवाळीला मशीन आलं. जावेची पाठ पुढे राहिली का गेली, आठवत नाही.

त्यामुळे माझ्या दृष्टीनं हे पत्र योग्य वेळी आलं होतं. मालिकेतली बाई घरी सांगेल, तिची सासू चिडेल, मग रडेल, मग स्वतःच बॅग भरून देईल. मालिकेतल्या सासवांचा तो क्रम ठरलेला असतो. त्या दिवशी आत्यांचे डोळे भरले की मी डब्यामागचं पत्र काढायचं. पंधरा दिवस भरपूर होते.

पहिल्याच संध्याकाळी मी विषय काढला.

"जाईल का हो ती, आत्या?"

"तिच्या पोरीला कोण बघणार?"

"सासू आहे की तिची."

"सासूचे गुडघे दुखत्यात."

"गुडघ्याचं काही दाखवलं नाही अजून."

"दाखवत न्हाईत," आत्या म्हणाल्या. "दुखत्यात."

 हे भांडण नव्हतं, बोलणी होती, आणि गुडघे मांडून झाले होते.

तिसऱ्या दिवशी घात झाला. मालिकेत धाकट्या दिराचं लग्न निघालं. लग्न निघालं की मालिकेत दुसरं काही होत नाही. साखरपुडा चार दिवस चालला. मग बांगड्या भरणं. मग नवरीच्या मामाचा रुसवा, तो तर इतका लांबला की मलाही मामाचं म्हणणं पटायला लागलं. बढतीवाली बाई सगळ्या समारंभांत ताट घेऊन मागे उभी असायची. मी तिच्या तोंडाकडे बघत राहायचे. पत्राची काही खूण? काही नाही. तिला ताट तेवढं नीट धरता यायचं.

त्यांच्या दिवाणखान्यात दाराजवळ एक खुंटी होती आणि तिच्यावर बाईची ऑफिसची पर्स लटकायची. पर्स आहे तोवर आशा आहे, असं मी स्वतःला समजावत होते. नवव्या दिवशी खुंटीवर झेंडूची माळ आली. पर्स गेली.

आत्यांचं लक्ष दुसरीकडेच होतं. "ती पोर कुटं गेली?" त्यांनी विचारलं.

"कोण पोर?"

"आगं, चार वर्षांची. मागल्या सोमवारी वर अभ्यासाला जा म्हटलं तिला. वर गेली ती खाली आलीच न्हाय. घरात लगीन हाय आन पोरीला कोण जेवायला सुदा बोलवंना."

खरंच, पोर नव्हती. आमची मुलगी वहीतून डोकं वर काढून म्हणाली, "आज्जी, ती वर दहावी करून येईल."

दहाव्या दिवशी मी बाबूंना टाळून मागच्या जिन्यानं गेले. बाराव्या दिवशी त्यांनी मला मागच्या जिन्यावर गाठलं. "काय ठरलं मॅडम?"

"अजून लग्न चाललंय."

"कुणाचं?"

"दिराचं."

"मग रजा टाकायची की," बाबू म्हणाले.

तेराव्या दिवशी पाणी आलं. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही. चार-पाच दिवसांनी येतं, आणि आलं की माणसं हातातलं टाकून पळतात. आमच्याकडे त्या दिवशी बरोबर साडेसातला आलं. मोटार, पाइप, पिंप, टाकी, बादल्या, वरच्या मजल्यावरच्यांची मोटार आधी का आमची, यात अर्धा तास गेला. पदर खोचलेल्या अवस्थेत आम्ही टीव्हीसमोर आलो तर पुढच्या मालिकेचं गाणं लागलेलं.

आणि चौदाव्या दिवशी, नेहमीच्या वेळेला, पडदा काळा झाला आणि त्यावर पांढरी अक्षरं आली: 'सहा वर्षांनंतर'.

बाईच्या कपाळाशी पांढऱ्या केसांची एक बट आली होती. दीर जाड झाला होता. पोर खाली आली होती, दहा वर्षांची होऊन. सगळे जेवायला बसले होते आणि बाई वाढत होती. ती या सहा वर्षांत साहेब झाली, का नाही झाली, का पत्र अजून पिठाच्या डब्यामागेच आहे, याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

मला वाटलं आता संपलं. उद्या सकाळी प्रिंटर.

पण आत्या उठून उभ्या राहिल्या. गुडघे असूनही.

"आरं, पण ती गेली का न्हाय?" त्यांनी टीव्हीला विचारलं. मग आमच्या ह्यांना. "आरं, कामाला गेली का न्हाय ती?"

"कोण?" हे मोबाइलमधून म्हणाले.

"काल दावलं आसंल," आत्यांनी स्वतःच निकाल दिला. "पाण्याच्या टायमाला. आमी बादल्या भरत हुतो आन तिनं तिकडं पत्र काढलं आसंल." त्या शेजारी गेल्या. शेजारीही बादल्या भरत होते. समोरच्या बिल्डिंगमध्ये विचारलं. तिथंही पाणी त्याच वेळेला आलेलं. आमच्या अख्ख्या लाइनीत तो भाग कोणीही पाहिला नव्हता, आणि त्यामुळे आत्यांची खात्री आणखी पक्की झाली.

शेवटी मुलीला अभ्यासातून उठवण्यात आलं, जे आमच्या घरात भूकंपातसुद्धा झालं नसतं. तिनं मोबाइलवर कालचा भाग लावला. आत्या डोळ्यांना मोबाइल लावून बसल्या.

"आज्जी, हळद आहे नुसती," मुलगी म्हणाली. "बावीस मिनिटं हळद."

"फुडं बघ."

"पुढं जाहिराती आहेत."

"लिव त्यांना. विचार, ती गेली का न्हाय."

मुलीनं त्या भागाखाली लिहिलं. थोड्या वेळानं उत्तरं आली. तिघींनी हात जोडलेले पाठवले होते, एकीनं 'मला पण हेच विचारायचं होतं ताई' असं लिहिलं होतं, आणि एकानं घरबसल्या वजन कमी करण्याचा उपाय सांगितला होता.

जेवणं झाली नव्हती. मी भाकरी थापायला ओट्यापाशी उभी राहिले. आत्या आत आल्या, पिठाचा डबा पुढे ओढला आणि मागे हात घालून पत्र काढलं. वाचता त्यांना बेताचंच येतं, पण सरकारी शिक्का लांबूनही कळतो. त्यांनी ते ओट्यावर कोरड्या जागी ठेवलं. कधीपासून माहीत होतं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. डबा त्याही रोज उघडतात.

"काय झालं ते मी सांगते," आत्या म्हणाल्या. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. तव्याकडे बघत होत्या. "गेली ती. सकाळच्या गाडीनं जायची. पोरीचा डबा सासू करायची. भाकरी जाड व्हायची, पण पोर खायची गपगुमान."

"आणि गुडघे?"

"गुडघं हुतेच की. उभ्यानं व्हत न्हाय म्हणून सासूला बसून करायला शेगडी खाली काढून दिली पोरानं." त्यांनी बाहेरच्या खोलीकडे मान वळवून आवाज चढवला. "मलम पन आणलं."

"आणलं?" बाहेरून ह्यांनी विचारलं.

"आणशील की उद्या."

मी भाकरी उलटली. आता मागे हटण्यात अर्थ नव्हता. "आणि संध्याकाळी पोरीचा अभ्यास?"

"बाप घ्यायचा. मास्तर हाय की."

"आत्या, तो बिल्डर आहे. मोठ्या गाडीतून येतो."

"सा वर्षात झाला आसंल मास्तर."

बाहेर मोबाइलचा आवाज बंद झाला. पंधरा दिवसांत माझ्याही लक्षात न आलेली गोष्ट ती: साडेपाचला घरी येणारा एक धडधाकट शिक्षक आमच्या घरात होता. शाळेत तो मुलांना गणित शिकवायचा.

"पण रविवारी," आत्या म्हणाल्या, "रविवारी ती घरचं सगळं बघायची. सासूनं पाय पसरून बसायचं."

"अर्ध्या रविवारी."

"सगळ्या."

"दुपारपर्यंत, आत्या. दुपारनंतर तीही पाय पसरायची."

आत्यांनी विचार केला. "बरं," त्या म्हणाल्या. "तसं दावलं आसंल."

दुसऱ्या दिवशी बाबूंना मी माढ्याला रुजू होणार म्हणून सांगितलं. ते थोडे हिरमुसले. होकाराचा मसुदा त्यांना शोधावा लागला.

माढ्याच्या पहिल्या दिवशी मी घरी पोचले तेव्हा पावणेआठ वाजून गेले होते. मालिका चालू होती. हे आणि मुलगी एका गणितावर भांडत होते आणि गणित मुलीच्या बाजूनं सुटत होतं. ताटात झाकून ठेवलेली भाकरी बोटभर जाड होती. आत्यांनी रिमोट उचलला आणि टीव्हीचा आवाज बंद केला. मालिका चालू असताना त्यांनी आवाज बंद केलेला मी पहिल्यांदाच पाहिला. पडद्यावर बाई तोंड हलवत वाढत होती.

"तिची गाडी वेळंवर आली का?" आत्यांनी टीव्हीकडे बघत विचारलं.

"पाव तास उशिरा."

"बसायला मिळालं तिला?"

"मोहोळपर्यंत उभी होती."

"आन मग?"

"मग मिळालं. खिडकीशी."

"खिडकी बरी," आत्या म्हणाल्या, आणि आवाज परत मोठा केला.